जिंकलेलं वॉटर्लू

ओटली, यॉर्कशायर
मंगळवार

प्रिय डेरेक,

शनिवारी तुझ्या गॅरेजातून निघताना मी धड निरोपही घेतला नाही, म्हणून तू चक्रावला असशील. गेली चाळीस वर्षं मी तुझ्या त्या पिंगपाँगच्या टेबलावर शिपाई मांडून नेपोलियनच्या बाजूने वॉटर्लू लढतोय आणि तू मला धूळ चारतोयस. शनिवारी पहिल्यांदा जिंकलो आणि तोंड पाडून घरी आलो. बेरिल म्हणाली, "अरे, लग्न झाल्यापासून बघतेय, हरून येतोस तेव्हा बरा असतोस की!" तिला काय सांगू?

आपले शिशाचे शिपाई आता म्हातारे झालेत. लग्नाआधी एकेक करून जमवलेले, तुझ्या आईच्या स्वयंपाकघरात रंगवलेले. संगिनी वाकल्यात, घोड्यांचे पाय आपण कितीदा चिकटवले असतील. क्लबातली तरुण मंडळी प्लास्टिकची चकचकीत पलटण घेऊन येतात आणि वर विचारतात, "काका, तुमचे हे म्युझियमला का देत नाही?" देत नाही. आम्ही मेल्यावर बघा म्हणावं.

आणि आपला नियम. आपल्याच हाताने आपला शिपाई आडवा झाला, तर तो मेला. उचलून डब्यात टाकायचा, रडायचं नाही. एकदा तुझ्या स्वेटरच्या बाहीने साक्षात वेलिंग्टनच पाडला होता, अजून पहिला चहासुद्धा झाला नव्हता. तू गयावया केलीस, मी ढिम्म. सेनापतीशिवाय लढलास, तरी जिंकलास, आणि वर महिनाभर माझ्याशी बोलला नाहीस. तेव्हाच मला वाटलं होतं, हा माणूस आपल्याला जन्मभर पुरेल.

माझ्या हाताचं तुला कळलंय. बेरिलनेच फोनवर सांगितलं असणार, तिच्या पोटात काही राहत नाही. डॉक्टर कंपवात म्हणतात. सूप माझ्यापेक्षा टेबलक्लॉथच जास्त पितो, शर्टाची बटणं बेरिल लावते. कुरकुरत का होईना, सोसतो.

पण शनिवारचं मी सोसणार नाही. शेवटच्या चढाईत माझा हात थरथरला आणि नेपोलियनच्या खाशा गार्डांची आख्खी रांग आडवी झाली. तू पाहिलंस. डबा तुझ्या कोपराशी होता. तू पोर्क भरलेली पेस्ट्री कापत म्हणालास, "नॉर्मन, मोहरीची चटणी हवी का रे?" आणि बोलता बोलता एकेक शिपाई परत उभा केलास. मी पुढची चाल खेळलो. त्याच गार्डांनी तुझी टेकडी घेतली आणि मी जिंकलो. डॉक्टरांनी रोगाचं नाव सांगितलं तेव्हा मी घाबरलो नव्हतो, डेरेक. तुला माझी दया आली तेव्हा घाबरलो. ही जीत तुझी तुला परत. येत्या शनिवारी पुन्हा मांड, नियमासकट. माझे जे पडतील ते डब्यात टाक. सगळी पलटण पडली तर सगळी टाक, मी एकट्या नेपोलियनला घेऊन टेकडी चढेन. तू मला हरव, जमेल तितकं वाईट हरव. माझी काळजी घ्यायला आता गावभर माणसं आहेत. शत्रू मात्र तू एकटाच आहेस, आणि तो मला हवाय.

तुझाच, अजून शरण न आलेला,
नॉर्मन