खालच्या घराची किल्ली

माय, तुला जाऊन एकोणीस वर्षं झाली. कुणाला तरी खरं सांगावं असं आज वाटलं, तेव्हा तूच आठवलीस. मी आता आपल्याच शहरात, पण कुकटपल्लीत राहते, तलावाच्या खालच्या अंगाला, एका बिल्डिंगीत तळमजल्यावर. घर पाहायला गेलो तेव्हा खिडकीतून तलाव दिसतो म्हणून सगळे खूश झाले. मी आधी भिंतीवर हात फिरवला आणि विचारलं, खालच्या अर्ध्या भिंतीलाच नवा रंग का दिलाय? बिल्डर हसला. माझा तेव्हाच विश्वास उडाला, तरी घर घेतलं.

हिमायतनगरच्या मागे नाल्याकाठची आपली खोली मला अजून जशीच्या तशी दिसते. आभाळ भरून आलं की तू जामबागच्या शाळेतली झाडलोट आटोपून घाईघाईनं येतेस. ट्रंकेखाली चार विटा सारतेस, पिठाचा डबा वाशाला टांगतेस, आणि रेशनकार्ड, माझे दाखले, सगळं कुकरात घालून झाकण लावतेस. त्या साली पाणी खोलीत शिरलं आणि दोन दिवसांनी ओसरलं. मग सरकारची तीन माणसं वही घेऊन आली, दारादारावर चुन्यानं आकडे टाकत. तू कामावर होतीस. मी सातवीत. एकानं माझ्या डोक्यावर हात ठेवून विचारलं, किती जण राहता, घर कुणाचं? मी शाळेत उत्तर द्यावं तसं ताठ उभं राहून सांगितलं, दोघी राहतो, भाड्यानं राहतो. ज्यांनी घर आपलंच म्हणून सांगितलं त्यांना नव्या खोलीची चिठ्ठी मिळाली. आपल्या नावावर रेघ पडली आणि महिन्याभरात खोली पाडली. तू मला एकदाच मारलंस, तेही त्या दिवशी. "काहून सांगितलं?" म्हणालीस. "कुणी इचारलं तर आधी त्यालाच इचारायचं, तुला कशाला पायजे?" ते मी आयुष्यभर पाळलं, माय. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरीला लागले, तिथेही कुणी चहा पाजला तरी मी मनात तेच विचारते.

मागच्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर बिल्डिंगीत मीटिंग झाली. तिसऱ्या मजल्यावर एक रिटायर्ड सर राहतात, तेलुगू, सत्तरी ओलांडलेले. त्यांनी सगळं अंगावर घेतलं. गेटाशी वाळूची पोती रचली, जाड दोर आणला, नाल्याच्या जाळीतला कचरा वॉचमनकडून स्वतः उभं राहून काढून घेतला. आणि वही केली. कोणाच्या घरी म्हातारं माणूस आहे, कोण किती वाजता घरी नसतं, सगळं त्यात. आपण कधी घरी नसतो हे एका माणसाच्या हातात लिहून द्यायचं? माझ्या सासूबाईंचे गुडघे गेलेत, पण दार वाजलं की त्या भिंत धरून जातात आणि कुणालाही उघडतात. म्हणून हे आणि मी कामावर गेलो की बाहेरच्या जाळीच्या दाराला मी कुलूप लावायची. सरांना ते दिसलंच.

"अम्मा, एक चाबी मेरे पास रखो," ते म्हणाले. "पानी आया तो तुम्हारी सास को मैं कैसे निकालूं?"

"पानी नहीं आता सर इधर."

"आता अम्मा. मैं देखा हूं."

त्यांनी कधी पाहिलं, आणि माझ्याच घराची किल्ली त्यांना का हवी, हे प्रश्न माझ्या डोक्यातून जाईनात. त्यांच्या डोळ्यांत काही वावगं नव्हतं, आणि त्याचाच मला जास्त संशय आला. चार दिवस त्यांनी रोज विचारलं. पाचव्या दिवशी मी किल्ली दिली. ती आमच्या कुलपाची नव्हती. सासूबाईंच्या जुन्या ट्रंकेची होती. त्यांनी तिला दोरा बांधला, कागदावर घरनंबर लिहून लावला आणि दोनदा थँक्यू म्हणाले.

ऑगस्टात एका दुपारी तलाव भरून वाहिला. हे पटणचेरूला कामावर होते, मी कोठीला हॉस्पिटलात. फोन लागेना. बसगाड्या बंद, मेट्रोत चेंगराचेंगरी, पुढे गुडघाभर पाण्यातून चालत मी संध्याकाळी पोचले. आमच्या जाळीच्या दाराची कडी उखडलेली, आत पलंगाच्या वरपर्यंत गढूळ पाणी, त्यावर सासूबाईंची उशी तरंगत होती. पुढची दोन मिनिटं मला तुला सांगता येणार नाहीत. मग वरून सरांच्या बायकोनं हाक मारली.

सासूबाई वर सरांच्या खुर्चीत बसल्या होत्या, सरांच्या बायकोची कोरडी साडी नेसून, पप्पू-भात, म्हणजे त्यांच्याकडचा वरण-भात, खात. सरांच्या उजव्या हाताला पट्टी होती. कमरेभर पाण्यात उभं राहून त्यांनी ती किल्ली घालून पाहिली, फिरवली, फिरवता फिरवता ती वाकली आणि तळवा फाटला. आतून सासूबाई हाका मारत होत्या. शेवटी वॉचमननं पहार आणून कडी तोडली, आणि दोघांनी त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवून उचलून आणलं.

"ताला जाम हो गया था अम्मा," सर म्हणाले. "दरवाजा तोड दिया, बुरा मत मानो." आणि वाकलेली किल्ली त्यांनी माझ्या हातावर ठेवली.

सासूबाईंनी घास थांबवून माझ्या हाताकडे पाहिलं. आठ दिवसांनी, चिखल काढून झाल्यावर, भाजी निवडता निवडता त्या एवढंच बोलल्या, "माझ्या ट्रंकेची किल्ली सापडत नव्हती. सापडली वाटतं." मी उठून आत गेले. त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही. त्यांनी सरांच्या बायकोला काही सांगितलं का, हे मला अजून कळलेलं नाही. दोघी बाल्कनीत बसून बोलायला लागल्या की मी नळ बंद करून ऐकते.

या वर्षी पुन्हा मीटिंग झाली, पुन्हा वही निघाली. यावेळी मी न मागता किल्ली घेऊन वर गेले. सरांनी ती घेतली, चष्मा लावला आणि माझ्याबरोबर खाली आले. माझ्यासमोर कुलपात घातली, उघडलं, पुन्हा लावलं. "नया ताला है ना, इसलिए देख लिया," म्हणाले. तळव्यावरचा पांढरा व्रण मला स्पष्ट दिसला. इसलिए म्हणजे कशासाठी? त्यांना माहीत आहे का? माहीत असेल तर मागच्या वर्षापासून हा माणूस जिन्यात भेटला की माझ्या सासूबाईंची चौकशी कशी काय करतो? मी रोज कामावरून आले की कपाट नीट बंद आहे ना, हे आजही बघते. ते नेहमी बंदच असतं.

हे सगळं लिहायला बसले तेव्हा कागदावर पहिला शब्द 'सर' असा लिहिला होता. तो खोडून तुला लिहिलं. तू असतीस तर माझीच बाजू घेतली असतीस, हे मला ठाऊक होतं.