मुक्त बंदरातलं नवं मशीन

३ मार्च, सोमवार

ताईशी पुन्हा वाजलं. मी फोनवर नुसतं म्हणालो, आमच्या मुक्त बंदराच्या कुंपणात नवा रस्ता झालाय, दिवे लागलेत – तर लगेच फाटे फोडायला लागली. आत कर नाही, जकात नाही, म्हणून कंपन्या येणार हे तिला मान्य आहे. पण येणार कुठून, आकाशातून पडणार आहेत का, असं तिचं म्हणणं. माझी मोठी बहीण कारखान्यात खोकी कापते की सभा गाजवते, कळत नाही!

मी म्हणालो, जुनी गोदी बंद पडली तेव्हा या गावाला आलेली अवकळा तू पाहिली नाहीस. तू लग्न करून खाडीपलीकडे गेलीस. इथे आम्ही राहिलो. जड मशीनं हलवणारी माझी टोळी, आणि गावात हलवायला मशीनच नाही! जॅक गंजले. चांगली चांगली माणसं पोटासाठी परगावी गेली. आता दर आठवड्याला काम आहे. याला फायदा म्हणायचं नाही तर काय?

'तुझा फायदा झालाय, ते दिसतंय,' ताई म्हणाली. 'मी सगळ्यांचं विचारतेय.'

फोन ठेवताना मात्र जेवलास का, हे विचारलंच. कितीही भांडली तरी ते चुकत नाही.

६ मार्च

टायरवाल्याचा सगळा पसारा आज कुंपणाच्या आत नेऊन ठेवला. हवेचा कॉम्प्रेसर, टायर चढवायचं मशीन, गल्ला, आणि त्याची ती मोडकी खुर्चीसुद्धा. खुर्ची शुभ आहे म्हणतो. आतली जागा स्वस्त, त्यामुळे गडी खुशीत आहे. आणखी माणसं घेणार म्हणाला.

घरी येऊन सांगितलं तर बायको म्हणाली, 'म्हणजे आपल्या रस्त्यावरचं शटर पडलं आणि तिकडचं उघडलं. यात वाढलं काय?'

ताईची हवा हिलाही लागली वाटतं. मी म्हणालो, वाढेल. मशीन आधी बसतं, मग चालतं. बसवल्या बसवल्या माल कुठे बाहेर पडतो? जन्मभर हेच करत आलोय, मला शिकवू नका. तिने मान हलवली. ती पटल्याची नव्हती, एवढं मला कळतं.

९ मार्च, रविवार

माडीवरची खोली भाड्याने गेली! क्रेन चालवणारा आहे, कुंपणातलाच. बायको खूश आहे, पण कबूल करायची नाही.

११ मार्च

आज साहेबांनी बोलावलं. बंदराच्या ऑफिसातले, पांढऱ्या हेल्मेटचे. हे हेल्मेट ते टेबलाशी बसूनसुद्धा काढत नाहीत. खोक्यांची मोठी कंपनी येतेय म्हणाले. शेडवर पाटीही लागली आहे, नवंकोरं नाव. कागद कापून, घडी घालून खोकी करणारं भलंमोठं मशीन येणार, आणि ते बसवायचं काम मला!

मी म्हणालो, असलं मशीन मी पूर्वी बसवलंय, खाडीपलीकडे, माझ्या बहिणीच्या कारखान्यात. साहेब म्हणाले, हे जुनं नाही, अगदी नवं आहे. बरं बाबा, नवं तर नवं.

ते जुनं मशीन बसवतानाची गंमत आठवली. ताई बुटकी. कागद सरकवायच्या जागी तिचा हातच पोचेना. मालक म्हणाले, लाकडी पेटी घ्या पायाखाली. ताईचं तोंड एवढंसं झालं, सगळ्यांसमोर! मी पत्र्याचे उरलेले तुकडे घेतले आणि डाव्या बाजूला, खाली, एक पायरी वेल्ड करून दिली. घसरू नये म्हणून वर आडव्या रेघा मारल्या. ताई चढली, हात पोचला. आभार वगैरे नाहीत. म्हणाली, अजून बोटभर उंच चालली असती. तेव्हापासून त्या मशीनवर तीच आहे. बाकीचे त्या पायरीला ठेचा खातात आणि मला शिव्या देतात.

१४ मार्च

खोक्यांच्या कंपनीची बातमी सांगायला मुद्दाम ताईला फोन केला. वाटलं होतं चिडेल, पण आज तिच्यात दम नव्हता. तिचं मशीन दुरुस्तीला नेलंय म्हणे. ते परत येईपर्यंत सगळ्यांना घरी बसवलंय.

मी म्हणालो, मग झालं काय? एवढं वय झालं त्याचं, दुरुस्ती नको? आराम कर.

'मालक फार गोड बोलतायत रे,' ती म्हणाली. 'त्याचीच काळजी वाटते.'

पेन्शन अजून हाताशी आलेली नाही तिची. दाजी गेल्यापासून घर एकटीच चालवते. त्या गावात दुसरं काम नाही, तिला दुसरं काम येत नाही. मी दटावलं तिला. मशीन परत आलं की मीच येऊन बसवून देतो म्हणालो, चहावर. आणि अगदीच वेळ आली तर इकडे ये. आमच्या कुंपणात खोकी कापणारी माणसं लागणारच आहेत, साहेबांकडे शब्द टाकतो. तर म्हणते, 'या वयात घरदार सोडून तुझ्या दारात येऊ?' दारात कशाला, घरात ये म्हणालो. हसली एकदाची.

तिच्या गावालाही असंच मुक्त बंदर मिळायला हवं. मग बघू कशी भांडते.

१९ मार्च

बसवलं! सकाळीच ट्रेलर आला. मशीन काळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं, वर दोरखंड. साहेबांची ताकीद होती, प्लास्टिकला हात लावायचा नाही, कंपनीची माणसं येऊन उघडतील. आम्हाला फक्त पाय उघडे. नव्या नवरीला बघायला जावं आणि नुसते पायच दिसावेत, असं झालं.

उतरवून जागेवर आणलं, पण पाणसळीतला बुडबुडा काही मधे येईना. डावा पाय सारखा खाली. टोळीतला म्हातारा म्हणाला, मशीनच तसं असेल. मी म्हणालो, नव्या मशीनचा पाय कसा खचेल? गवंड्याने जमीनच धड केली नाही. गवंड्याला चार शब्द सुनावले. तो बिचारा स्वतःची पाणसळ लावून दाखवत होता की जमीन सपाट आहे. मी डाव्या पायाखाली पत्रा सरकवला, बोल्ट आवळले, बुडबुडा बरोब्बर मधे. असल्या गोष्टी हाताला कळतात.

पायांच्या भोकांत ग्रीस होतं, काळं पडलेलं. कारखान्यात चाचणी घेतली असेल.

२० मार्च

पाठ धरली आहे. मशीन मात्र तसूभर हलायचं नाही.

२४ मार्च, सोमवार

आज उद्घाटन. रंगीत फीत, खुर्च्या, मोठे पुढारी, सगळं यथासांग. आम्हाला दोरीमागे उभं केलं, पण केलं तरी! बायको ठेवणीतले कपडे घालून आली होती. टायरवालाही आला होता. मला भाषणं सोसत नाहीत. पण पुढारी म्हणाले, 'ज्या गावातून माणसं निघून जात होती त्या गावात आज कारखाने येत आहेत,' आणि दोरीमागून मीच आधी टाळ्या वाजवल्या. लपवायचं कशाला? अभिमान वाटला. गंजलेले जॅक आठवले. ज्यांना मी काम देऊ शकलो नाही ती माणसं आठवली. आज ती इथे असायला हवी होती.

मग कोणीतरी बटण दाबलं. हिरवंगार, चकचकीत मशीन सुरू झालं. माझ्या टोळीने बसवलेलं! पाहुण्यांनी एवढा घोळका केला की जवळ जाता येईना. हात उंच करून, दोन पाहुण्यांच्या मधून फोटो काढला आणि तिथूनच ताईला पाठवला. खाली लिहिलं – आकाशातून पडलं बघ! आता बोल.

बायको रागावली. तिचं काम बंद आहे, तिला कशाला डिवचता, म्हणाली. मी म्हणालो, भावाने नाही डिवचायचं तर कोणी?

२५ मार्च

ताईचं उत्तर नाही. जिच्या तोंडाला कधी कुलूप नाही ती गप्प! जिंकलो बहुतेक. बायकोला सांगितलं.

२६ मार्च

ताईचा फोन आला. भांडली नाही. फोटो मोठा करून बघितला म्हणाली.

'रंग नवा दिलाय. पण डावीकडे, खाली बघ. माझी पायरी आहे.'

मी फोटो उघडला. आहे.

मग तिनेच विचारलं, 'डाव्या पायाखाली पत्रा घातलास ना? नाहीतर खोकी तिरकी कापतं ते.'

घातलाय, म्हणालो.