तिसऱ्या अर्थाचं कार्ड

प्रिय धाकट्या,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे कुरिअरने पाठवते आहे. नाक मुरडू नकोस, शेवटपर्यंत वाच. बाबांचं ऑपरेशन गुरुवारी सकाळी ठरलंय आणि ते संमतीच्या कागदाला हात लावायला तयार नाहीत. दिवसभरात जेमतेम चार चमचे सूप पोटात जातं. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, गुरुवार टळला तर मग उपयोग नाही. मी घाबरले आहे रे.

तरी त्यांचा इंग्रजी-मराठी शब्दकोश काही सुटत नाही. मी कोशाच्या कार्यालयातून शब्दांची कार्डं आणते, ते उशीला टेकून तपासतात आणि माझ्यावर खेकसतात. खेकसले की मला जरा धीर येतो. या आठवड्यात 'लँग्विश' हे इंग्रजी क्रियापद आलं. पहिला अर्थ खंगणे. उदाहरण शेजारच्या काकूंचं, ऊन मिळेना म्हणून वेल खंगली. दुसरा खितपत पडणे. ते वर्तमानपत्रातलं, खटल्याविना तुरुंगात खितपत पडलेल्या कुणाचं. कोण म्हणालं, कधी म्हणालं, सगळं चोख. उदाहरण रचायचं नाही आणि कार्डावर लिहिणारा आणि तपासणारा अशा दोघांच्या सह्या हव्यात, हा नियम तुला मी काय सांगणार? तू चाळीस उदाहरणं घरबसल्या रचलीस आणि बाबांनी तुला सगळ्यांदेखत हाकललं. चूक तुझीच होती. पण ते जे बोलले, ते मलाही ऐकवलं नाही. सात वर्षं झाली त्याला. दोघंही सारखेच हट्टी, आधी बोलणार कोण?

मीही काही साधी नाही. दर रविवारी तुझा फोन आला होता, असं त्यांना सांगत आले. काल ते शांतपणे म्हणाले, तीही उदाहरणं रचलेलीच ना.

मग त्यांनी तिसरा अर्थ लिहिला, झुरणे. उदाहरण: 'मुलाला हाकलल्यापासून म्हातारा झुरतो आहे.' कोण म्हणालं, तिथे स्वतःचं नाव, कालची तारीख, खाली सही. दुसरी सही मी करायला गेले, तर पेनच काढून घेतलं. म्हणाले, ती त्याची जागा आहे; तो येऊन सही करेल, मग डॉक्टरांच्या कागदावर मी करीन. कार्ड याच पाकिटात आहे. कुरिअरने परत पाठवू नकोस. बुधवारपर्यंत स्वतः घेऊन ये.

तुझीच,
ताई