कॅमेऱ्याची चावी शालनकडे

६ जुलै, रविवार
गौतमी आज सकाळी बंगलोरला परत गेली. जाताना घरात तीन वस्तू लावून गेली. दाराला आकडे दाबून उघडणारं कुलूप, हॉलमध्ये कॅमेरा, आणि एक बोलणारा डबा. डब्याला हाक मारली की म्हणे दिवे लागतात. माझं मराठी त्याला कळत नाही, त्यामुळे दिवे मीच लावते.
महाग आहे सगळं. किंमत विचारली तर विषय बदलला पोरीने. "मम्मी, तू ऑफिसला, पप्पा एकटे. मला तिकडे झोप लागत नाही." झटका आल्यापासून ह्यांचा उजवा हात आणि बोलणं दोन्ही अडतं. कुणाचं तरी लक्ष हवं, हे खरंच.
हे कॅमेऱ्याकडे पाठ करून बसलेत.

८ जुलै, मंगळवार
ऑफिसात दिवसभर फोन काढून ह्यांनाच बघत होते. साहेब म्हणाले, मॅच चालू आहे का मॅडम. ह्यांचं टक्कल आणि खुर्चीची पाठ, एवढीच मॅच.
दुपारी गौतमी तिकडून कॅमेऱ्यातून बोलली, पप्पा गोळी घेतली का. हे एकदम दचकले, चहा सांडला लुंगीवर. समोरच्या शालनने येऊन पुसलं. लुंगी बदलायला हे तयारच होईनात. कॅमेऱ्याकडे बोट दाखवत राहिले म्हणे.

१० जुलै, गुरुवार
शालनच्या फोनमध्ये ॲप टाकून दिलं, माझ्याच नावाने उघडणारं. कुलपाचा नंबर दिला, आणि बॅटरी संपली तर लागेल म्हणून सोबत आलेली एकुलती एक चावीपण. लग्न होऊन परळच्या चाळीत आले तेव्हापासून आमची चावी तिच्याकडे, तिची माझ्याकडे. चाळ पाडून टॉवर झाला तेव्हा लॉटरीत तिला नववा मजला आला होता. भांडून, हातापाया पडून अदलाबदल करून घेतली आणि अकराव्यावर समोरासमोर आलो. दुपारी ह्यांना जेवण तीच वाढते. ती नसती तर माझी नोकरी कधीच सुटली असती.
ॲप दिल्याचं गौतमीला सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही वाटलंच नाही.

१३ जुलै, रविवार
वर्षावास सुरू झाला. विहारात ग्रंथवाचन, मी आणि शालन नेहमीप्रमाणे खांबाजवळ. वाचन चालू असतानाच कानाशी लागली. तिच्या निलेशचं लग्न जमतंय. भायखळ्याची मुलगी, नर्स आहे. पसंती झाली, बोलणी बाकी.
तिचा चेहरा किती दिवसांनी असा बघितला. या पोराने तिला फार रडवलंय. दोनदा व्यसनमुक्ती केंद्रात ठेवला. दिवाळीपासून हात लावला नाही म्हणते. तसंच असो.

१९ जुलै, शनिवार
सुट्टी. सकाळी बेल वाजली. दारात अनोळखी गृहस्थ, हातात केळी. जयभीम केला, म्हणाले मी मुलीचा मामा. मुलीला वडील नाहीत. बोलणी करण्याआधी शेजारी चौकशी करायला आलो.
आपल्यात रीतच आहे ही. गौतमीच्या वेळी आम्हीही मुलाच्या शेजारणीला गाठलं होतं. पण आज खुर्चीत बसून उत्तर मला द्यायचं होतं. आधी गोल गोल बोलले. मुलगा मनाने चांगला, आईला धरून आहे, नोकरीला जातो. मामांनी केळी टेबलावर ठेवली, पण उठले नाहीत. मग सांगितलं. पीत होता. दोनदा केंद्रात होता. आता बंद आहे म्हणतात, मी रोज बघायला जात नाही.
त्यांनी विचारलं, "ताई, तुमची मुलगी दिली असती का?"
"नाही," म्हटलं.
आपला नंबर देऊन, चहा न घेताच गेले. मी केळी तशीच ठेवून किती वेळ बसून होते. हे माझ्याकडे बघत होते. खोटं बोलले असते तर त्या पोरीचं काय? पण शालनचं…

२० जुलै, रविवार
विहारात शालन पुढच्या रांगेत जाऊन बसली. वळून बघितलं नाही. मला वाटलं, गर्दी.

२२ जुलै, मंगळवार
दुपारी ह्यांना जेवण नाही. शालनला फोन केला, उचलला नाही. ऑफिसातून दिसत होतं, हे खुर्चीत, टेबल रिकामं. साहेबांना काहीतरी सांगून निघाले.
लिफ्टमध्ये शालन भेटली. मी म्हटलं, काय गं, बरं नाही का. ती दाराकडे बघत म्हणाली, "भायखळ्याहून नकार आला. तुझी पोरगी तू नसतीच दिलीस, ना?"
अकरावा मजला आला, ती आधी उतरली.

२३ जुलै, बुधवार
मामांना फोन करून वाट्टेल ते बोलले. विश्वासाने सांगितलेलं तिच्यापर्यंत नेलंत कसं. ते शपथ घेऊन सांगत होते, आम्ही पत्रिका जुळत नाही एवढंच कळवलं. बौद्धाच्या घरात पत्रिका! बिचाऱ्यांना दुसरं निमित्त सुचलं नसावं. पण मग तिला कळलं कुठून? भिंती काही इतक्या पातळ नाहीत.
ह्यांच्यापुढे बडबडत होते. ह्यांनी डावा हात उचलून कॅमेरा दाखवला. "शालन… बघते."
डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मीच दिलं होतं ॲप तिला. आवाजासकट.

२४ जुलै, गुरुवार
गौतमीला सांगावं लागलं. चिडली. लॉगिन कुणी शेजाऱ्यांना देतं का? मी विचारलं, तुझ्या लहानपणी चावी कुठे असायची आपली? म्हणते ते वेगळं. ॲपमधून तिचा फोन काढून टाक, एक बटण आहे.
बटण मी शोधून ठेवलंय. पण दाबलं की तिच्या फोनवर लगेच दिसणार. चावी परत मागितल्यासारखंच ते. चाळीत कुणी कुणाची चावी परत मागितली की दोन्ही घरांचं बोलणं संपलं असं सगळे समजायचे.
आणि राग मलाही आहे. माझ्या घरात मी खरं बोलले ते तिने चोरून का ऐकावं? तोंडावर विचारायचं होतं. तोंडावर विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं, हे मात्र ठाऊक नाही.

२८ जुलै, सोमवार
संध्याकाळी घरी आले तर कुलूप मेलेलं. आकडे दाबले, काही नाही. बॅटरी संपत आल्याचा निरोप फोनवर चार दिवस येत होता, मी जाहिरात समजून पुसत होते. हे आत. "थांबा, येते," म्हणून दारातून ओरडले. आत खुर्ची सरकल्याचा आवाज आला. उठू नका म्हटलं. ऐकतील तर शपथ.
शेवटी शालनची बेल वाजवली. तिने काही विचारलं नाही. चावी आणली, दार तिनेच उघडलं, हे भिंत धरून उभे होते. त्यांना बसवलं. मग चावी माझ्या हातात ठेवली, तुझ्याकडेच ठेव म्हणाली. उंबऱ्यात थांबली.
"विजू, त्या शनिवारी फोनवर तुमचा कॅमेरा टुणटुणला. मला वाटलं भाऊजी पडले. म्हणून उघडला. तर तू बोलत होतीस."
आणि गेली.
कुलपात नवे सेल रात्रीच टाकले, नंबर तोच ठेवला.

३१ जुलै, गुरुवार
दुपारी येणारी बाई मिळत नाही. मिळते ती दोन दिवसांत सोडते. रोज डबा भरून ह्यांच्या हाताशी ठेवते, चमचा, पाणी, गोळी. अर्धं अन्न लुंगीवर. साहेबांनी आज नीटच विचारलं, असं किती दिवस चालायचं. नोकरी सोडली तर ह्यांची औषधं कशातून?
गौतमीचा फोन, कॅमेऱ्यात काळं दिसतंय. घरी येऊन बघते तर ह्यांनी काठीने कॅमेऱ्यावर टॉवेल टाकलेला. मी काढला. त्यांनी परत टाकला. मी ओरडले. खूप वेळ शब्द जुळवत होते, मग म्हणाले, "मी… टीव्ही… नाही."
मला रडू आलं. तरी टॉवेल काढला. दुसरं काय करू? एकटं सोडून जाते मी त्यांना.

३ ऑगस्ट, रविवार
विहार. शालन आली नाही. कुणीतरी म्हणालं, निलेश परत प्यायला बसलाय. तिरकं माझ्याकडे बघूनच म्हणालं.
नकारामुळे बसला, की बसणारच होता? कुणी सांगावं. मी स्वतःला रोज वेगळं सांगते.

५ ऑगस्ट, मंगळवार
आजच लिहायला हवं.
दुपारी ऑफिसात डबा उघडला आणि सवयीने फोन बघितला. ह्यांचा चमचा खाली पडलेला. ते वाकले. खुर्ची मागे सरकली आणि हे जमिनीवर. मी पॅसेजमध्ये पळाले. फोर्टहून परळ, टॅक्सी मिळाली तरी किती वेळ. शालनला फोन लावला. रिंग जात होती, ती उचलत नव्हती. आणि स्क्रीनवर दार उघडलं. शालनच. फोन तिच्या हातात वाजत होता. म्हणजे ती आधीपासून बघत होती.
काखेत हात घालून तिने त्यांना उठवलं, बसवलं. डोकं चाचपलं, पाणी पाजलं. डब्यातला भात कालवून भरवायला लागली. मी भिंतीला टेकून बघत होते. निघायचं सुचत नव्हतं.
मग ती ह्यांच्यासमोर खाली बसली, कॅमेऱ्याकडे पाठ करून. हळू बोलली, तरी सगळं ऐकू आलं.
"भाऊजी, निलेश तुमच्या मांडीवर खेळलाय. तुम्ही तरी खरं सांगा. तुम्ही दिली असती गौतमी?"
हे तिच्याकडे बघत राहिले. ओठ हलायला लागले. ह्यांना पहिला शब्द जुळवायला वेळ लागतो.
मी ॲप बंद केलं.
टॅक्सीने घरी आले तेव्हा हे झोपले होते. कपाळाला थोडं खरचटलंय, बाकी ठीक. शालनचं दार लावलेलं. उठल्यावर ह्यांना विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.
आजचं चित्रण आवाजासकट फोनमध्ये आहे, आठवडाभर राहतं. शालनच्या फोनमध्येही आहे, ॲपमधून तो मी काढलेला नाही. गौतमीला फोन करून म्हटलं, पप्पा ठीक आहेत, दुपारचं तेवढं बघू नकोस.
"का?" म्हणाली. "मम्मी, काय झालं दुपारी?"