अंड्यांसाठी जनरेटर

२ जून, सकाळ
उबवायच्या मशीनमध्ये अंडी ठेवली. पहिलीच खेप. हे गेले, आता पिल्लं विकून धंदा उभा करणार. शेजारच्या थोरल्या जाऊबाईंना एकही फुकट देणार नाही. त्या म्हणाल्या, कोंबडी बसव, मशीन कशाला? म्हटलं, कोंबडी तुमच्यासारखीच, गप्पा ऐकू आल्या की उठून जाते.

५ जून
लाइट गेली. आली लगेच, पण जीव टांगणीला. मशीन गार पडलं की खेप गेली. जनरेटर घ्यायचाच.

६ जून, दुपार
जनरेटर आला. जावई लाइनमन, त्यांना फोन केला. म्हणाले, आई, हात लावू नका. रविवारी येऊन चेंजओव्हर स्विच बसवतो. म्हणजे घर एकतर लाइनवर, नाहीतर जनरेटरवर, दोन्हीवर एकदम कधीच नाही. म्हटलं, जावईबापू, स्वतःच्या दाराची बेल अजून वाजत नाही तुमच्या. फोन ठेवून दिला. जिंकले मी.

७ जून
रविवारपर्यंत कोण थांबतंय! वायरच्या दोन्ही टोकांना पिना बसवल्या. लाइट गेली की एक टोक जनरेटरला, दुसरं भिंतीतल्या मोठ्या प्लगला. वीज आत शिरली की घरभर. चौथीपर्यंतच शिकले, पण डोकं आहे.
जावई म्हणाले होते, काहीही झालं तरी आधी मेन बंद. पण मेन बंद केला तर लाइट परत आली हे कळणार कसं? शिकलेल्यांना एवढं सुचत नाही.

९ जून, सकाळ
वाऱ्याने लाइनवर झाड पडलं. लाइट नाही. बरंच झालं!
जनरेटर अंगणात ठेवला. धूर घरात नको, मी काही वेडी नाही. वायर लावली, दोरी ओढली. दिवा लागला! माझाच काय, जाऊबाईंच्या घरातलाही मिणमिणला. केवढी ताकद! भिंतीवरून ओरडून सांगितलं, बिल पाठवते हं. तेवढ्यात जनरेटर कण्हून बंद. दमला बिचारा. पुन्हा सुरू केला. पुन्हा दमला. जाऊबाईंचे पंखे कोण ओढणार? हावरट घर.

दुपार
जावई दारात. तोंड पांढरंफटक. कोपऱ्यावरच्या खांबावर काम करत होते. तारेला हात लावायच्या आधी टेस्टर लावला म्हणून वाचले. बंद लाइनमध्ये वीज, आणि ती म्हणे माझ्या जनरेटरची, मेन बंद न केल्यामुळे बाहेर तारेत गेलेली. म्हटलं, तुमच्याच ऑफिसचा गोंधळ असेल. ओरडले नाहीत. म्हणाले, आई, घरात एक विधवा पुरे.
 उत्तर सुचलं होतं, पण बरं दिसलं नसतं.
त्यांनी भिंतीतली पिन उपसली. विचारलं, या प्लगला आधी काय होतं?
मशीन.

संध्याकाळ
अंडी गार. अगदीच गार नाहीत. गालाला लावून बघितली, कदाचित गालच गार असेल. रजईत गुंडाळून मांडीवर घेऊन बसलेय. हलायची सोय नाही. जाऊबाई खिडकीतून म्हणाल्या, बसलीस का खुडूक कोंबडीसारखी?
आज उत्तर देत नाही. बोललं की अंडी हलतात.
लेकीचा फोन. माझी चौकशी नाही, अंड्यांची नाही. त्यांना चहा तरी दिलास का, एवढंच.
नाही दिला. उठता येत नाही ना.