तेलाच्या बारा बाटल्या आणि बाविसावं पान

तीर्थरूप वन्संना,

साष्टांग नमस्कार. (मनातूनच घातला आहे. इथे घरातसुद्धा वाळू असते, आणि एकदा आडवं झालं की साडी झटकण्यात अर्धी सकाळ जाते.) देवाच्या कृपेने आम्ही सगळे खुशाल आहोत. तुमचा गुडघा आता कसा आहे? शेकत असालच. तुमचे बंधू मजेत आहेत. खिडकीतून समुद्र दिसतो, तो बघत बघत झोपतात, जाग आली की "भरती आली वाटतं" म्हणतात आणि कूस बदलतात. गावी परत जाणाऱ्या मास्तरीणबाईंबरोबर मी घरी कढवलेलं केसांचं तेल पाठवलं होतं, ते पोचलं असेलच. बारा बाटल्या आहेत. रिकामी झाली तरी एकही फेकू नका. (का, ते पुढे लिहिते.)

आम्ही इकडे मुलाकडे यायला निघताना तुम्ही चारचौघांत विचारलं होतंत, की सूनबाई नोकरी म्हणजे नक्की करते काय? तेव्हा मी गप्प बसले, कारण मलाच माहीत नव्हतं. आता कळलं आहे. इथलं राष्ट्रीय उद्यान म्हणजे फुलझाडांची बाग नव्हे. समुद्राला लागून मैलोगणती वाळू आणि झुडपं आहेत, आणि त्या वाळूत पाखरं उघड्यावर अंडी घालतात. (घरटं नाही, आडोसा नाही, काही नाही. इतका भरवसा देवावर आपणही ठेवत नाही.) ती बघायला माणसं येतात, वाट सोडून हिंडतात, कचरा टाकतात. तर किती माणसं येतात, कुठे भरकटतात, काय टाकून जातात आणि कशाने सुधारतात, याचा अभ्यास म्हणजे सूनबाईची नोकरी. मी मॅट्रिक असले तरी एवढं समजतं, की माणसाला वाचता येतं पण वाचलेलं वळत नाही. त्यासाठी सरकारने पगारी माणूस ठेवलं आहे हे मात्र नवीन होतं.

समुद्राकडे दोन वाटा जातात. डाव्या वाटेवर दरडावणारी पाटी आहे, कचरा टाकल्यास दंड होईल म्हणून. उजव्या वाटेवर गोड पाटी आहे, "इथे पिल्लं जन्माला येतात, आपला कचरा आपल्याबरोबर न्याल ना?" कुठली पाटी लागू पडते ते सूनबाईने या महिन्याअखेर मोठ्या साहेबांना दाखवायचं होतं. गोड पाटी लागू पडली तर वाटा उघड्या राहणार आणि सूनबाईची नोकरी कायम होणार. नाही पडली तर साहेब किनाऱ्याला दोन पुरुष उंच तारेचं कुंपण घालणार, आणि मग माणसंच नाहीत तर अभ्यास कसला? पोरीने गाशा गुंडाळायचा. पहाटे अंधारात जायची ती दिवेलागणीला यायची. चेहरा एवढासा झालेला. मी स्वयंपाकघरात तिला पाऊल टाकू दिलं नाही. हातात ताट द्यायचं, आणि निजायला पाठवायचं. (माझ्या सासूबाईंनी, म्हणजे तुमच्या आईंनी, मला असं कधी पाठवलं नाही. पण जाऊ दे, त्या देवाघरी सुखी असोत.)

आता माझं ऐका. मला सूर्योदयाला नामस्मरण लागतं हे तुम्हाला ठाऊक आहे. उजव्या वाटेच्या टोकाला एक सपाट खडक आहे, बसायला अगदी पाटासारखा. रोज तिथे जायचे. तर वाटेवर काय, बाटल्या! काचेच्या, घट्ट झाकणाच्या, न तडकलेल्या! आपल्या गावी अशा बाटलीसाठी भंगारवाल्याशी हुज्जत घालावी लागते, आणि इथे फुकट लोळताहेत. एक नाम, एक बाटली, असं करत चांगल्या बघून तीन-चार उचलायच्या, पदराखाली घरी आणायच्या, राखेने घासायच्या. तळाशी लाल रंगात बारीक आकडा असे. मला वाटलं कारखान्याचा. माझी वही सोबत होतीच. घरात आलेली वस्तू वहीत चढल्याशिवाय मला अन्न गोड लागत नाही. तारीख, कुठे मिळाली, किती, आकडा कोणता, सगळं लिहून ठेवलं. एकवीस दिवसांत एक्याऐंशी बाटल्या. मीठ, साखर, डाळी, दिव्याचं तेल, सगळं बाटलीत. उरलेल्या खाटेखाली.

इकडे सूनबाईच्या चेहऱ्यावर तेज येऊ लागलं. एका रात्री जेवता जेवता म्हणाली, "आई, गोड पाटी लागू पडली! डाव्या वाटेवर फरक नाही, पण उजवीकडे रोज कचरा कमी होतोय." मी म्हटलं, "अगं, गोड बोललं की जग जिंकता येतं." उद्यानाचा पहारेकरी तेवढा काही बोलेना. (तो तसाही बोलत नाही. आम्ही त्याला मौनीबाबा म्हणतो.) एकच काळजी होती. लोकांनी आपलं मत चिठ्ठीवर लिहून टाकावं म्हणून उजव्या वाटेवर एक लाकडी पेटी ठेवली होती, ती नाहीशी झाली होती. मौनीबाबाने वाऱ्याकडे बोट दाखवलं आणि विषय मिटला.

शेवटच्या दिवशी मोठे साहेब घरीच चहाला आले. सूनबाईने कागद मांडले, साहेब खूश, "सगळ्या किनाऱ्यांवर हीच पाटी लावू" म्हणाले. मी आपलं प्यायला पाणी ठेवलं, बाटलीतून. साहेबांना वस्तू उलटी करून बघायची खोड आहे. (मोठ्या माणसांना असते. तुम्ही नाही का, आमच्याकडची प्रत्येक वाटी उलटी करून नाव बघता.) त्यांनी बाटलीचा तळ पाहिला, सूनबाईकडे पाहिलं, आणि विचारलं, "ही उजवीकडची सतरा नंबरची इथे कशी?" मी अभिमानाने म्हटलं, "आणखी पुष्कळ आहेत, साहेब. हव्यात का?"

वन्सं, त्या बाटल्या सूनबाईच होती हो मांडत! रोज पहाटे दोन्ही वाटांवर बारा-बारा बाटल्या आकडे घालून ठेवायच्या, संध्याकाळी उरलेल्या मोजायच्या, कमी झालेल्या भरून काढायच्या, म्हणजे लोकांनी किती उचलल्या ते कळतं. कुणाला सांगायचं नाही असा नियम, म्हणून मलाही सांगितलं नव्हतं. (चिरंजीव म्हणाले, "आई, तुला सांगणं म्हणजे दवंडी पिटणं." बघा, ज्याला बोलायला शिकवलं त्याने हे बोलावं.) सूनबाई पांढरीफटक पडली. तिने ओरडायला हवं होतं, मला बरं वाटलं असतं. तुमचे बंधू तेवढ्यात जागे होऊन म्हणाले, "भरती आली वाटतं."

मी आत गेले, देवाला हात जोडले आणि वही आणून साहेबांपुढे ठेवली. म्हटलं, "पोरीचा दोष नाही. चोर मी आहे, आणि ही चोरीची यादी." साहेबांनी चष्मा लावला. उजव्या वाटेवरून एकूण एकशेपाच बाटल्या गेल्या होत्या. माझ्या एक्याऐंशी वजा केल्या तर उरल्या चोवीस. म्हणजे गोड पाटीने निदान चोवीस तरी, असं मी मनात म्हणतेय तोवर सूनबाईने वहीत बोट ठेवलं. तीन दिवस तुमच्या बंधूंचा चष्मा हरवला होता आणि शोधण्यात मला निघायला उशीर झाला होता. वाटेवर गर्दी होती. मी वाकून उचलतेय बघून इतर लोकही वाकले आणि कचरापेटीत टाकून आले. तेही मी लिहिलं होतं. एके दिवशी सात, एकदा आठ, एकदा नऊ. चोवीस! बाकीच्या दिवशी पाटी वाचून एकही माणूस वाकलं नव्हतं. गोड नाही आणि कडू नाही. सूनबाई हळूच म्हणाली, "साहेब, लोक पाटी वाचून वाकत नाहीत. वाकलेलं माणूस बघून वाकतात."

साहेबांनी वही मिटून काखेत मारली. मग म्हणाले, कुंपण तूर्त थांबवू, सहा महिने हेच तपासू, पाटीऐवजी माणूस. सूनबाईची नोकरी सहा महिने वाढली. ती रात्री स्वयंपाकघरात आली (मी अडवलं नाही) आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून इतकी हसली, की शेवटी रडली. मीही.

भावोजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. गुडघ्याला जपा.

तुमची आज्ञाधारक,
वहिनी

ता. क. साहेबांचं म्हणणं, वही खरी धरायची तर बाटल्यांचा ताळा जुळला पाहिजे. घरात एकोणसत्तर भरल्या. बाकीच्या बारा तुमच्याकडे आहेत. दिलेली वस्तू परत मागू नये हे मला कळतं, पण तेल तुमचंच आहे, ते दुसऱ्या भांड्यात काढून घ्या आणि बाटल्या तेवढ्या पाठवा. तळ घासू नका. एखादी कुणाला दिली असेल तर तीही आणवा. तुम्ही मागितलंत तर नाही म्हणायची कुणाची छाती नाही.

आणखी ता. क. डाव्या वाटेवर वाकायला एक वयस्क बाई हवी आहे. मी तुमचं नाव सुचवलं. तुम्ही आयुष्यात कुणापुढे वाकला नाहीत, म्हणून परिणाम जास्त होईल असं मला वाटतं. वाळूत चालणं गुडघ्याला चांगलं असतं म्हणे.

शेवटचं, आणि हे आधी वाचा. तेलाचं खोकं उघडाल तेव्हा बाटल्या फुटू नयेत म्हणून मध्ये चिठ्ठ्या कोंबलेल्या दिसतील. आणि खोकं म्हणजे एक लाकडी पेटी आहे. ती मला खडकाखाली उपडी पडलेली सापडली होती, आत रद्दी होती. मी वाचली नाही, दुसऱ्याचं लिहिलेलं वाचू नये. ती कसली पेटी ते मला आत्ता, हे पत्र लिहिताना उमगलं. तेलकट झालेल्या असल्या तरी एकूण एक चिठ्ठी परत पाठवा. सूनबाईला अजून सांगितलेलं नाही, नुकतीच हसायला लागली आहे पोर. पण साहेब माझी वही घेऊन गेले आहेत आणि रोज दोन पानं उतरवून घेतात. आज चौदावं झालं. "लाकडी पेटी १, रद्दीसह" हे बाविसाव्या पानावर आहे.