मॅनेजरचा चिवडा

प्रिय आई,

आज सकाळी मॅनेजरने साध्या दाण्यांची अख्खी वाटी संपवली. एकही रंगीत दाणा नव्हता त्यात. हे कुणाला सांगू? तुमच्या लेकाला, अमोलला सांगितलं तर "अरे वा" म्हणून तो मोजे शोधायला लागला. ससा तुमचा, भांडण आपलं, म्हणून हे पत्र तुम्हालाच. शिवाय तुमची एक चोरी उघडकीला आलीय. त्याबद्दल बोलायचंच आहे.

खालच्या मजल्यावरच्यांनी "फक्त दोन दिवस" म्हणून ससा आपल्याकडे ठेवला आणि ते बंगळूरला गेले ते गेलेच. तुम्ही त्याचं नाव मॅनेजर ठेवलंत. "जन्मभर बँकेत मॅनेजरचं ऐकलं, आता एक मॅनेजर माझं ऐकेल!" त्याने ऐकलं का हो कधी? सोफ्याची कड खाल्ली, माझी ऑफिसची चप्पल खाल्ली, आणि तुम्ही म्हणालात, "दात शिवशिवत असतील गं त्याचे."

आपलं वाजलं ते त्याच्या खाण्यावरून. तुम्ही आणायचात तो रंगीत चिवडा. लाल-हिरवे तुकडे, मका, सूर्यफुलाच्या बिया. मॅनेजर त्यातलं गोड तेवढं निवडायचा आणि बाकीचं पायाने उडवायचा. मी मोबाइलवर वाचून सांगायचे, "आई, सशाला गवत लागतं. वर थोडे साधे दाणे, गवत दाबून केलेले, सगळे एकसारखे, म्हणजे निवडानिवड होत नाही." तुम्ही माझ्या हातातलं पाकीट नाकापर्यंत नेलंत आणि म्हणालात, "भुसा आहे हा. तू खाशील?"

मी काय ससा आहे?

एकदा तर आपण दोन दिवस बोललो नाही. तुम्ही अमोलला सांगायचात, "तिला विचार, चहा घेणार का." आणि मी तिथेच, दोन हातांच्या अंतरावर उभी!

तुम्ही गेलात. चौदावा झाला, पाहुणे गेले, आणि पंधराव्या दिवशी मी तुमचा चिवड्याचा डबा कचऱ्यात उपडा केला. खरं सांगते आई, त्या क्षणी मला जिंकल्यासारखं वाटलं. मॅनेजरपुढे साध्या दाण्यांची वाटी ठेवली, गवताचा ढीग ठेवला. त्याने माझ्याकडे पाठ केली. मी म्हटलं, भूक लागली की खाईल.

दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत वाटी तशीच. गवताला तोंड नाही. खाली एक लेंडी नाही. तो कोपऱ्यात पोट आवळून बसला होता, कान मागे. अमोलने त्याला टॉवेलात गुंडाळलं आणि आम्ही रिक्षा पकडून बोरिवलीला निघालो. अमोल सारखं म्हणत होता, "जल्दी चलो भैया, बहुत सीरियस है." रिक्षावाल्याने विचारलं, "कौन है, साब?" अमोल म्हणाला, "मॅनेजर." तो बिचारा हळहळला, "क्या करेंगे साब, प्रायव्हेट में टेन्शन ही इतना है." मला हसू फुटलं. अमोलकडे बघितलं, तर तो रडत होता. तुम्हाला नेलं तेव्हा त्याच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं, आई. ते सगळं त्या रिक्षात आलं. टॉवेल भिजला. ससा पण भिजला.

डॉक्टरीणबाई माझ्यापेक्षा लहान, पण मला शाळेतल्यासारखं उभं केलं. "दाणे बरोबर निवडलेत. पण एका दिवसात बदलतात का? सशांची आतडी थांबली की जीव जातो. जुनं आणा, त्यात नवीन चिमूट चिमूट वाढवा. दोन-तीन आठवडे लागतील."

इंजेक्शन दिलं. पिचकारीने खिमट भरवायला दिलं. मी रजा टाकली आणि त्याला मांडीवर घेऊन बसले. काय म्हणाले असेन त्याला? "खा रे राजा, पाहिजे तर माझी दुसरी चप्पल खा." संध्याकाळी टेबलाखाली पाच लेंड्या सापडल्या. मी अमोलला मीटिंगमध्ये फोन करून ओरडले, "झाली!" सगळ्या ऑफिसला वाटलं, मुलगी झाली.

मग तुमचा चिवडा परत आणायला चारकोप नाक्यावरच्या पाळीव प्राण्यांच्या दुकानात गेले. दुकानवाली शिल्पा म्हणाली, "तुम्ही काकूंच्या सूनबाई ना? दोन्ही पाकिटं देऊ?"

"दोन्ही कुठली?"

"रंगीत आणि साधं. काकू दोन्ही न्यायच्या. साधं खलबत्त्यात कुटायच्या, पाण्याचा हात लावून त्या रंगीतवर चोळायच्या. म्हणायच्या, माझी सून सांगते ते बरोबर आहे. पण तिला बोलू नकोस, डोक्यावर बसेल."

मी त्या दुकानात, माशांच्या टाकीला धरून उभी राहिले, आई.

म्हणजे तुम्हाला पटलं होतं? आणि तरी रोज जेवताना "भुसा, भुसा" चालू? आणि त्याच खलबत्त्यात मी चहाचं आलं कुटत होते! अमोल विचारायचा, चहाला गवताचा वास का येतो. मी म्हणायचे, गवती चहा घातलाय.

साधं पाकीट तुमच्या शिलाई मशीनच्या खणात मिळालं, वर ब्लाउजपीस पसरलेला. मी तुमच्या पद्धतीने कुटलं, चोळलं. मॅनेजरने हुंगलं आणि खाल्लं. मग रोज रंगीत कमी, साधं जास्त. आज शेवटी फक्त साधं. गवतही आता ओढून ओढून खातो.

राग आला होता मला. मग वाटलं, मी तरी काय वेगळं केलं? ऑफिसात डबा उघडला की म्हणायचे, "आमच्या आईंसारखी आमटी कुणाला जमत नाही." तिथल्या सगळ्यांना ठाऊक आहे. तुम्हाला मात्र एवढंच ऐकवलं, की मीठ जरा पुढे आहे.

आमटी अप्रतिम असायची, आई. मीठसुद्धा बरोबर असायचं.

तर आता एक शब्द देते. मॅनेजरला अधूनमधून कोथिंबीर मिळेल, बिस्कीट अजिबात नाही, तुम्ही स्वप्नात येऊन सांगितलंत तरी नाही. आणि यापुढे या घरात कुणाचं बरं बोलायचं असेल, तर ते त्याच्या तोंडावर बोलीन. सुरुवात आजच अमोलपासून करते. मोजे त्याने स्वतः शोधले, एवढं तरी म्हणता येईल.

तुमची, डोक्यावर बसलेली,
मेधा